मायला पैठण दाखवलं

गेल्या चैत्रात मायला पैठण दाखवून आणलं. तशी ती नाथषष्ठीला कितीदा तरी गेलेली, पण ते जाणं म्हणजे दर्शनबारीत उभं राहायचं, गंगेत बुडी मारायची आन् दिंडीबरोबर परत. (आम्ही गंगथडीची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो.) पैठण म्हणून पैठण तिनं पाहिलंच नव्हतं. नातवाची दहावीची परीक्षा झालेली. त्यानं वहीत यादीच काढली. म्हणाला, "आबा, गाडी करू. मोठीआईला एका दिवसात सगळं दाखवू."

आधी नाथांच्या वाड्यात गेलो. श्रीखंड्या होऊन देवानं कावडीनं पाणी भरलं तो रांजण तिथं आहे. तुकाराम बीजेपासून लोक तो भरायला लागतात. मायनं काठावरून हात फिरवला अन् बोटं डोळ्यांना लावली. मग नदीकाठची समाधी. नाथांनी 1599 साली इथंच गंगेत देह ठेवला. नागघाटावर रेड्याची मूर्ती आहे. पोरगं म्हणालं, "खरंच बोलला असंल का गं हा?" माय म्हणाली, "बोलला असंल. माणसं ऐकंनात म्हणून बोलला."

तीर्थखांब बघायला मात्र वेळ काढून जावं. दगडात इतकं बारीक काम, की मान दुखायला लागते तरी बघावंसं वाटतं. पैठणीच्या मागावर माय टेकली नाही. "आपल्याला काय घ्यायचीय," म्हणाली.

खरं थांबलो ते जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात. पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी, प्रतिष्ठान. दोन हजार वर्षांमागं भडोच बंदरातून वीस दिवसांच्या वाटेवर हे गाव आहे, असं एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय. त्या काळची नाणी, मातीची खेळणी, मणी काचेत मांडलेत. माय मण्यांपुढं उभी राहिली ती हलंना.

"ह्ये तर आपल्या पांढरीतलं हाय," म्हणाली.

आमचं जुनं गाव धरणाच्या वरच्या अंगाला, गंगेच्या काठाला होतं. गावाची पांढरी उंच. पहिला पाऊस पडला की तिच्यातून असे मणी धुऊन वर यायचे. आम्ही पोरं ते गोट्यांसारखे खेळायचो. मायनं एक लाल मणी माझ्या करदोट्यात ओवला होता. ती पांढरीची माती बाप गाड्यानं रानात टाकायचा, ज्वारी मातायची. त्या मातीबरोबर काय काय रानात गेलं असंल, देव जाणे.

1965 साली लालबहादूर शास्त्रींनी धरणाची पायाभरणी केली. आधी ते खाली बीडकडं जायकवाडीजवळ व्हायचं होतं; नाव तेच राहिलं, भिंत पैठणला आली. शंभराच्या वर गावं उठली. मी आठवीत होतो. गाड्यात जागा नव्हती म्हणून मायचा पाटा चुलीपाशीच राहिला. बाप पुन्हा नाथषष्ठीला गेला, पण धरणाकडं त्यानं मरेपर्यंत तोंड केलं नाही. खोटं कशाला बोलू, आज माझा ऊस त्याच पाण्यावर आहे.

यादीत शेवटी नाथसागर होता. काठाला जिथवर गाडी गेली तिथवर मायला नेलं. नातू सत्तावीस दरवाजे सांगायला लागला. तिचं लक्ष नव्हतं. डोळ्यावर हात धरून ती वर, पाणी आभाळाला टेकतं तिकडं बघत होती.

"आपलं कुठंशीक आलं?"

मी हात केला. खरं म्हणजे मलाही नीट सांगता येत नव्हतं.

"पाटा काढायला पाह्यजे होता रं," म्हणाली, अन् गाडीत जाऊन बसली.

परतताना ती पोराला सांगायला लागली. वेशीतून आत आलं की डाव्या हाताला मारुती, त्याच्या मागं सुताराचं घर, मग चावडी, चावडीपुढं लिंब. पोरानं पैठणची यादी उलटली अन् मागच्या कोऱ्या पानावर घरं काढायला घेतली. मधूनच माय म्हणायची, "तिथं न्हाई, अलीकडं. आड हाय तिथं." तो खोडायचा, परत काढायचा. शेवगाव आलं तरी त्यांची वरची आळीच चालली होती.