चाकाचे माप

मोटारसायकलचे आणि तिच्यावर बसलेल्या माणसांचे सारे ओझे रस्त्यावर जिथे टेकते, ती जागा किती असते हे सहसा कोणी मोजून पाहत नाही. हिशेब मात्र सोपा आहे. मागच्या चाकावर १०० किलो भार असला आणि टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला २ किलो दाबाची हवा असली, तर ढोबळ मानाने ५० चौरस सेंटीमीटर रबर जमिनीला लागते. तळहाताचा मधला भाग जेवढा, तेवढेच. पुढच्या चाकाच्या वाट्याला त्याहूनही कमी येते. वेग, वळण, ब्रेक आणि मागे बसलेल्या माणसाचा विश्वास एवढ्याशा जागेवर तोललेला असतो.

पेणहून रोह्याला रोज दुचाकीने जाणाऱ्याला या जागेची किंमत पावसाळ्यात कळते. वडखळ आणि पुढे नागोठण्यापर्यंत मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि दशकभराहून अधिक काळ रेंगाळले. त्या काळात या वाटेने डांबर, काँक्रीट, खडी आणि खड्डे अशी सगळी रूपे दाखवली. नागोठण्याहून आत वळले की भिसे खिंडीचा चढउतार लागतो आणि मग कुंडलिकेकाठचे रोहा. जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखलही रस्त्यावर येतो.

पेणच्या बाजारपेठेतल्या एका किराणा व्यापाऱ्याचा मुलगा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. घरची गाडी २०२० साली घेतलेली स्प्लेंडर. मे महिना सरता सरता मागचा टायर पार गोटा झाला, आणि नवा कोणता घालावा यावरून बापलेकांत मतभेद झाला. मुलाच्या मनात रुंद टायर होता. सोबत्यांच्या गाड्यांची मागची चाके कशी भरदार दिसतात. आणि रुंद टायर म्हणजे रस्त्यावर अधिक पकड, असे त्याचे म्हणणे. जमल्यास १७ इंची चाकांचा जोडच बसवावा, असेही त्याला वाटत होते. वडिलांचे मत दोन वाक्यांत संपले. "होता तोच आण, आणि एकच आण. पुढच्याला अजून नक्षी आहे." दोघांच्या बोलण्यात थोडे थोडे तथ्य होते. टायरवर काय लिहिले आहे ते मात्र दोघांपैकी कोणीच वाचले नव्हते.

ते वाचून दाखवले ओळखीच्या मेकॅनिकने. "शेठ, सगळं याच्यावरच लिहिलेलं असतं," असे म्हणत त्याने फडक्याने टायरची भिंत पुसली. ८०/१००-१८. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो; इथे शंभर टक्के, म्हणजे ८० मिलिमीटरच. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच शेजारी शेजारी बसवलेले असल्याने ती ओळ वाचणाऱ्याला परकी वाटते. जुन्या गाड्यांच्या टायरवर २.७५-१८ असे लिहिलेले असे. तिथे रुंदीही इंचांतच.

व्यापाऱ्याला आकड्यांचे वावडे नसते. वडिलांनी तिथेच कागद पुढे ओढला. १८ इंच म्हणजे ४५७.२ मिलिमीटर; त्यात वरची आणि खालची भिंत मिळून १६० मिलिमीटर मिळवले की चाकाचा पूर्ण व्यास निघतो, ६१७.२ मिलिमीटर. मुलाला हवा असलेला टायर होता १००/९०-१८. त्याच रीतीने त्याचा व्यास ६३७.२ आला. वाढ २० मिलिमीटरची, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडी अधिक. एवढ्या वाढीने गाडीचा मागचा भाग १० मिलिमीटर उचलला जातो. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि त्याच प्रमाणात इंजिनाची ओढ कमी पडते. शंभर सीसीच्या इंजिनाला दोन माणसे घेऊन खिंड चढताना तीन टक्केही जाणवतात. शिवाय रुंद टायर चेन कव्हरला किंवा मागचे चाक धरून ठेवणाऱ्या भागाला, ज्याला गॅरेजात चिमटा म्हणतात, घासण्याची भीती असते.

पकडीचे काय, हा मुलाचा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर त्या तळहाताएवढ्या जागेतच आहे. भार तोच आणि हवेचा दाबही तोच असेल, तर जमिनीला लागणारे क्षेत्र टायर रुंद केल्याने फारसे वाढत नाही. बदलतो तो त्याचा आकार. लांबट पट्टा आखूड आणि रुंद होतो, इतकेच. त्यातही रिम जुनीच, अरुंद राहिली, तर टायरच्या कडा आत ओढल्या जातात, त्याची पाठ अधिक गोल होते आणि गाडी वळणावर झुकताना तिचा स्वभाव बदलतो. आणि पावसात पाणी बाजूला सारायचे काम टायरच्या खाचा करतात, रुंदी नव्हे. रुंदी वाढवायचीच असेल, तर ९०/९०-१८ चा व्यास ६१९.२ येतो, म्हणजे मूळ मापाहून अवघे दोन मिलिमीटर जास्त. पण तोही रिमच्या रुंदीला चालत असेल आणि आजूबाजूला जागा असेल तरच.

१७ इंची चाकांचा विचार मेकॅनिकने हसण्यावारी नेला नाही. आज अनेक गाड्या कारखान्यातूनच १७ इंची चाकांवर येतात. लहान चाक हलके असते, गाडी चपळपणे वळते आणि त्या मापाचे टायर नाना प्रकारचे मिळतात. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि त्याच्या कडेवरून सहज चढून येते. खराब रस्त्याच्या गाड्यांना म्हणूनच १८ किंवा १९ इंची चाके असतात. एक चांगले आणि दुसरे वाईट असे नाही. मात्र चाक बदलणे म्हणजे टायर बदलणे नव्हे. ब्रेकचा ड्रम, मागचे चेनचक्र, एक्सल, स्पीडोमीटर या साऱ्यांचा मेळ चाकाशी घातलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५२वे कलमही उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलाला मनाई करते. मुलाने तो विषय तिथेच सोडला.

रात्री जेवणे झाल्यावर कागद पुन्हा निघाला. मुलाची आई अधूनमधून याच गाडीवरून रोह्याला आपल्या बहिणीकडे जाते. सारे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "मागे मी बसते, त्याचा आकडा कुठे आहे?"

तो आकडाही टायरवर असतो, आणि बहुतेकांच्या नजरेतून नेमका तोच निसटतो. मापाच्या पुढे एक संख्या आणि एक अक्षर छापलेले असते. स्प्लेंडरच्या पुढच्या आणि मागच्या टायरचे माप एकच, ८०/१००-१८; पण पुढच्यावर ४७पी आणि मागच्यावर ५४पी असते. ४७ म्हणजे १७५ किलो, ५४ म्हणजे २१२ किलो भार पेलण्याची क्षमता. 'पी' हे वेगाचे चिन्ह, ताशी १५० किलोमीटरपर्यंतचे. माप जुळते म्हणून पुढचा टायर मागे घातला, तर चाक फिरेल, गाडी चालेल, पण मागे बसलेल्या माणसाच्या वाट्याचे बळ त्यात नसेल. पोह्यांचे पोते मागे बांधून नेणाऱ्यांनीही हा आकडा आधी पाहावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील दुकान उघडण्यापूर्वी पुढच्या चाकापाशी बसले. नक्षी होती, हे खरे. नियमाप्रमाणे दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर असावी लागते. इथे त्याहून बरीच खोल होती. पण भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे होते: ४८१९. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१९ सालातल्या ४८व्या आठवड्यात घडलेला टायर. सहा वर्षे उलटून गेली होती. नख दाबले तर रबर दबत नव्हते आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. उन्हाने आणि काळाने रबर कडक होते. नक्षी शाबूत राहते, पकड जाते. गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचेच चाक करते, आणि घरातली सगळी चर्चा मागच्या चाकाभोवती फिरली होती. दुकानातल्या डब्यांवरची तारीख पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला माल न देणारा तो माणूस बराच वेळ त्या चार आकड्यांकडे पाहत राहिला. मग मुलाला हाक मारून म्हणाला, "दोन्ही आण."

टायर मूळ मापाचेच आले, मूळ भारक्षमतेचे आणि खोल खाचांचे. दुकानात मुलाने आयएसआय चिन्ह पाहिले, भिंतीवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेला बसवून घेतला आणि दोन्ही टायरचा आठवडा व वर्ष स्वतः वाचले. सहा महिन्यांपूर्वीचे होते. एरवी रुंद टायरवर जो जास्तीचा पैसा गेला असता, तो पुढच्या टायरला कामी आला. पहिले शे-दीडशे किलोमीटर नवे रबर निसरडे असते, म्हणून तेवढे अंतर त्याने बेताने चालवायचे ठरवले. हवेचा दाब किती, हे गाडीच्या पुस्तिकेत आहे; एकटा असताना निराळा, दोघे असताना निराळा.

वडिलांनी त्या रात्री दुकानाच्या वहीत, उधारीच्या नोंदींखाली, दोन्ही टायरचे चार-चार आकडे लिहून ठेवले. पुढे एक ओळ होती: दर महिन्याच्या एक तारखेला हवा पाहणे, पाच वर्षे झाली की दरवर्षी रबर पाहणे. आईने ती ओळ वाचली आणि पहिली तारीख आपल्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरही खूण करून ठेवली.