किती केजी?

गाळप हंगामात बॉयलरपाशी येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "किती केजी?" फायरमन काट्यावरची नजर न काढता सांगतो, "बेचाळीस." या केजीत वजन नसतं, दाब असतो. दर चौरस सेंटिमीटरला एवढ्या किलोंचा रेटा. दहा मीटर खोल पाणी तळाला जेवढं रेटतं, तेवढा एक केजी. विहिरीत बुडी मारलेल्याला हे एकक शिकवावं लागत नाही, म्हणून ते मला जवळचं वाटतं. १९७१ साली अधिकृत नाव मिळालेला पास्कल फार बारीक. एक पास्कल म्हणजे पाण्याची जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी उंची. एका केजीत ते ९८,०६६.५ बसतात.

एका हंगामात ड्रमच्या जुन्या गेजशेजारी नवा डिजिटल मीटर लागला. गेज ४२ दाखवी, मीटर ४१.२. रात्रपाळीचा पोरगा म्हणाला, "काका, गेज चुकतोय. काटा काढून मागं बसवू?" मी त्याला पडद्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं दाखवली. तिथं 'बार' होतं. एक केजी म्हणजे ०.९८०६६५ बार. ४२ ला त्यानं गुणलं की ४१.१९ येतात. दोघंही खरं बोलत होते. काटा मागं घेतला असता तर मात्र तो गेज कायमचा खोटा झाला असता, आणि बॉयलरवर कमी दाखवणाऱ्या गेजइतकं घातक काही नाही.

गुणाकार सोपा, शून्य अवघड. साखर शिजवायच्या पॅनवर व्हॅक्यूम पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये वाचतात. समजा ६४० आहे. हा आकडा बाहेरच्या हवेपासून खाली मोजलेला. समुद्रकाठी हवेचा दाब ७६० मिलिमीटर, म्हणजे पॅनमध्ये उरले १२०. तिथं पाणी साधारण ५५ अंशांना उकळतं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर. इथं हवाच ७१० च्या आसपास, उरले ७०, आणि पाणी ४५ अंशांनाच उकळतं. गेजवर आकडा तोच, पण उकळीत दहा अंशांचा फरक. हे ध्यानात न घेता दुसऱ्या कारखान्याचे आकडे उचलणाऱ्याची साखर बिघडते.

कारखान्यातल्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे. लॉगबुकात नुसता आकडा लिहू नका. शेजारी एकक लिहा, आणि तो गेजचा, म्हणजे बाहेरच्या हवेपासून मोजलेला आहे, की ॲब्सोल्यूट, म्हणजे खऱ्या शून्यापासून मोजलेला, तेही लिहा. पुढच्या पाळीचा माणूस त्या आकड्यावर व्हॉल्व्ह फिरवणार असतो.