चार बोटांचा दिवाणखाना

गोव्याचा प्लॅन दरवर्षी ठरतो, कधीकधी तर चक्क पारही पडतो! पण हायवेवर झाराप आलं की आपली गाडी बायपास पकडते ती थेट पत्रादेवीला, गोव्याच्या हद्दीत. या घाईत एक टुमदार गाव बाजूला राहून जातं. सावंतवाडी. पुढच्या खेपेला बीचवर दोन तास उशिरा पोचलात तरी चालेल, पण गाडी गावात घाला. मोती तलावाला एक चक्कर मारा आणि कुणालाही विचारा, 'चितारआळी कुठे?'

चितारआळी म्हणजे लाकडी खेळण्यांचा रस्ता. दुकानाबाहेर आंबे, केळी, सीताफळं, वांगी टांगलेली असतात, सगळी लाकडाची आणि लांबून अगदी खरी वाटणारी. पण मला वेड लावलं ते आतल्या फळीवरच्या फर्निचरने. बोटभर उंचीच्या खुर्च्या, काडेपेटीएवढं टेबल, बाहुलीला पुरेल एवढा पाळणा, चौरंग, पाट, पोळपाट-लाटणं, जातं. पाटाच्या कडेला लाल-पिवळ्या फुलांची वेल, तीही ब्रशने काढलेली. अख्खा दिवाणखाना चार बोटांत मावेल!

मी एक खुर्ची लांबूनच न्याहाळत होते. दुकानातले काका म्हणाले, ''हातात घे गो, मोडना नाय ती.'' घेतली. हलकी फूल! पूर्वी या खेळण्यांना पांगाऱ्याचं लाकूड लागायचं, हलकं आणि कोरायला मऊ. आता मिळेल ते लाकूड वापरतात. लाकूड घासून गुळगुळीत करायचं, चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी यांचा थर द्यायचा, तो वाळला की पुन्हा घासायचं, मग रंग, मग नक्षी, आणि शेवटी चकाकीसाठी लाखेचा हात. ही झाली जुनी पद्धत. हल्ली बऱ्याच ठिकाणी तयार ऑइलपेंट आणि वॉर्निशवर काम भागतं. फरक कळतो का? कळतो. जुन्या वस्तूचा रंग कडेला झिजलेला असतो आणि खालचा पांढरा थर डोकावतो. ही झीज म्हणजे कुणाच्या तरी आजीचं बालपण आहे, बॉस!

छोटं फर्निचर ही काही फक्त आपलीच हौस नाही. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी 1924 मध्ये एक बाहुलीघर तयार झालं. त्याचा आर्किटेक्ट कोण? नवी दिल्ली उभारणारा एडविन ल्युटेन्स! एका फुटाला एक इंच या मापाने बांधलेल्या त्या घरात वीज आहे, नळाला पाणी आहे, लिफ्टसुद्धा आहे. आज ते विंडसर कॅसलमध्ये काचेआड आहे. आपली भातुकली मात्र काचेआड राहण्यासाठी जन्मलीच नव्हती. ती ओसरीवर मांडायची, चुरमुऱ्यांचा भात करायचा, भांडायचं आणि संध्याकाळी आई ओरडली की गोळा करायची.

आता तुम्ही म्हणाल, खानदेशातल्या पोरीला कोकणातल्या खेळण्यांचा एवढा पुळका का? तर त्याचं कारण माझ्या गावात आहे. मी एरंडोलची. जळगाव-धुळे रस्त्यावरचं, अंजनी नदीकाठचं गाव. लोक येतात ते पांडववाडा बघायला, नाहीतर पद्मालयाच्या गणपतीला जाताना. पण एरंडोलची आणखी एक ओळख होती, कागद. हाताने बनवलेला जाडाभरडा देशी कागद. ब्रिटिशांच्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे, 'एकेकाळी नावाजलेला' अशी. 1908 च्या सुमारास हा धंदा कसाबसा तग धरून होता. माझ्या आजीला विचारलं तर ती एका वाक्यात विषय संपवते, ''कागद बी गया नि करनारा बी गयात.'' एवढंच. कुणी शिकून घेतला नाही, आणि संपला.

सावंतवाडीतही हेच होणार होतं. इथली खरी शान म्हणजे गंजिफा, हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफाच्या एका संचात 120 पत्ते, प्रत्येक अवताराचे बारा. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि हा खेळ मागे पडला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस परदेशातून आलेल्या एका अभ्यासकाने राजघराण्याकडे गंजिफाची चौकशी केली. शोध घेतला तर जाणकार म्हणून हाती लागले ते वयोवृद्ध पुंडलिक चितारी. शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी मग काय करावं? शाल-श्रीफळ देऊन मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी ते चितारींकडे शिकायला बसले! बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या सत्त्वशीलादेवी स्वतः ब्रश घेऊन रंगवू लागल्या. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यात 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू झालं आणि गावातली मुलं-मुली तिथे काम शिकली. गंजिफातले अवतार, वेलबुट्ट्या पत्त्यांवरून उतरून टेबलांवर, डब्यांवर, फर्निचरवर आल्या. पत्ते खेळणारे कमी झाले होते, पण रंगवणाऱ्या हातांना काम मिळालं. सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या. गंजिफाला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं.

म्हणजे ऑल इज वेल? तसं नाही. मानांकनाने नाव वाचतं, पण घर चालायला गिऱ्हाईक लागतं. बायपासने बरीच गाड्यांची वर्दळ गावाबाहेरून नेली. प्लॅस्टिकचा किचन सेट ऑनलाइन दोन दिवसांत घरी येतो. चितारआळीत एका मावशी पाटावर वेल काढत होत्या. ''तुमची मुलगी शिकली का हे?'' मी विचारलं. ''येतां तिका. पण ती गोव्याक जाता, नोकरीक,'' मान वर न करता त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र आजीचं वाक्य आठवलं. एरंडोलचा कागद काही एका दिवसात संपला नसणार. तोही असाच संपला असेल, कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी मुलगा दुसऱ्या कामाला गेला म्हणून. त्यात त्यांचं काय चुकलं?

म्हणून हळहळत बसण्यापेक्षा खरेदी करा, आणि जरा डोळसपणे करा. वस्तू उलटी करून बघा. नक्षी हाताची असेल तर दोन फुलं कधीच डिट्टो सारखी नसतात. काय हाताने रंगवलंय आणि काय फवाऱ्याने, ते बिनधास्त विचारा, लोक प्रेमाने सांगतात. हाताच्या कामाला घासाघीस करू नका. पिझ्झावर करतो का आपण? ऑफिसच्या डेस्कवर पेनस्टँडशेजारी एक बोटभर खुर्ची ठेवून बघा, येणारा-जाणारा थांबून विचारणारच.

कसं जाल? मुंबईहून रात्रीची कोकणकन्या पकडा आणि सावंतवाडी रोडला उतरा. तिथून गाव रिक्षाने जवळच आहे. सकाळी राजवाडा बघा. दरबार हॉलमध्ये कलाकार काम करत असतील तर गप्प उभं राहून पाच मिनिटं नुसता ब्रश बघा. मग चितारआळी. आणि एखादं काम आवडलं, तर ते कुणी रंगवलं त्याचं नाव विचारून घ्या. वस्तू घरी नेताना ते नावही सोबत न्या.