मौनीबाबा

रुसणे ही केवळ माणसांचीच मक्तेदारी आहे, असे मी लहानपणी समजत असे. माझा हा गैरसमज एका कासवाने दूर केला.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे अमेरिकेतील मेरीलँड राज्यात राहत होतो. घरामागे ओक व मेपल वृक्षांचे रान होते आणि त्यातून एक ओहोळ वाहत असे. जुलै महिन्यातील एका पावसाळी सकाळी ओहोळाकाठच्या जुन्या ओंडक्यापाशी मला ते कासव दिसले. ओंजळीत मावेल एवढा देह, घुमटासारखी उंच पाठ, तपकिरी कवचावर पिवळ्या-नारिंगी रेघांची नक्षी आणि माणकासारखे लाल डोळे! मी हात लावताच त्याने मान व पाय आत ओढून घेतले आणि दार लावावे तसे स्वतःला बंद करून टाकले. बहुतेक कासवांना हे साधत नाही. याच्या पोटाकडील कवचाला मात्र बिजागरी असते. म्हणूनच तिकडे त्याला ‘बॉक्स टर्टल’, म्हणजे पेटी-कासव, म्हणतात.

ही जिवंत पेटी मी मोठ्या विजयाने घरी आणली. काचेच्या टाकीत वर्तमानपत्र अंथरले आणि ती माझ्या खोलीत दिव्याखाली ठेवली. पुढे कोबी, काकडी, गाजर असा थाटाचा बेत मांडला. आईने तर मऊ भातही कालवून दिला. पण पाहुण्याने कशालाही तोंड लावले नाही. तो कागदाखाली शिरला, तो शिरलाच. माझे मित्र येत, त्याला उचलत, पाठीवर टिचक्या मारत. मीही दर अर्ध्या तासाने कागद वर करून पाहत असे. पाच दिवस झाले, तरी उपास सुटेना. आम्ही त्याचे नाव ‘मौनीबाबा’ ठेवले.

गावी आजीला दूरध्वनीवरून ही हकीकत सांगितली, तेव्हा ती हसून म्हणाली, “अरे, आषाढ लागलाय. त्यानं चातुर्मास धरला असेल!” मग तिने मला कासवीची आठवण करून दिली. कासवी नुसत्या प्रेमळ दृष्टीने पिलांना वाढवते, अशी आपल्याकडे जुनी कल्पना आहे. झाले! त्या दिवसापासून मी टाकीपुढे बसून मौनीबाबाकडे टक लावून पाहू लागलो. तो अधिकच आत गेला.

आठव्या रात्री मला झोप येईना. ‘हा मेला तर?’ हा एकच विचार मनात घोळत होता. त्याला रानातून आणणारा मीच होतो. सकाळी उठताच मी शेजारच्या वृद्ध बाईंकडे धावलो. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, “तुला कोणी थंड, कोरड्या खोलीत, दिव्याखाली, अनोळखी माणसांच्या घोळक्यात बसवलं आणि पक्वान्नं वाढली, तर तुझ्या घशाखाली घास उतरेल का?”

मी खाली मान घातली.

मग त्यांनी मला समजावून सांगितले. कासवाचे रक्त आपल्यासारखे स्वतःच्या बळावर उबदार राहत नाही. भोवतालची हवा गार झाली की त्याची भूक मंदावते. आमच्या घरात तर दिवसरात्र वातानुकूलन चाले! त्याला ऊब हवी, ओलावा हवा आणि लपायला जागाही हवी. लपणे हा त्याचा रुसवा नव्हे. भ्यालेल्या जिवाचा तो एकमेव आधार आहे. आम्ही त्याला पशुवैद्यांकडेही नेले. डोळे सुजलेले नाहीत, नाकातून बुडबुडे येत नाहीत, हे तपासून त्यांनी तो निरोगी असल्याचा निर्वाळा दिला.

बाबांनी अंगणात झाडाच्या सावलीत एक मोठे लाकडी खोके मांडले. त्यात ओली माती, वीतभर पालापाचोळा, सालीचा एक तुकडा आणि पाण्याची उथळ ताटली ठेवली. बाईंनी अट घातली, “तीन दिवस त्याला हात लावायचा नाही!” ते तीन दिवस मला तीन वर्षांसारखे वाटले. चौथ्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हळूच पाहिले. मौनीबाबा पाचोळ्यातून बाहेर आला होता आणि शेवई ओढावी तसा एक गांडूळ ओढून खात होता! मी आनंदाने आईला मिठी मारली.

त्यानंतर तो नियमाने जेवू लागला. गोगलगायी, अळंबी, पिकलेली स्ट्रॉबेरी, सारे त्याला आवडे. पण पोट भरले की तो खोक्याच्या कडेने फिरे आणि भिंतीवर नखांनी खरवडत राही. मी बाईंना कारण विचारले. त्या म्हणाल्या, “त्याला घरी जायचंय.”

त्यांनीच मला लुसिल स्टिकेल या शास्त्रज्ञ बाईंची गोष्ट सांगितली. त्यांनी १९४४ मध्ये मेरीलँडमधीलच पटक्सेंट येथील रानात या कासवांचा अभ्यास सुरू केला. कासवाच्या पाठीवर त्या दोऱ्याचे रीळ बसवीत. कासव चालू लागले की दोरा उलगडत जाई आणि त्याची वाट कळे. प्रौढ कासव साधारण ११० मीटर रुंदीच्या टापूतच वर्षानुवर्षे वावरते, असे त्यांना आढळले. हे कासव ५० वर्षांहूनही अधिक जगू शकते. म्हणजे तो ओंडका, तो ओहोळ हे मौनीबाबाचे सारे जग होते. कदाचित माझ्या जन्माच्या आधीपासूनचे! अशी कासवे रानातून नेण्यास तिकडे बऱ्याच राज्यांत बंदी आहे. आपल्याकडेही १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यामुळे रानातील तारा-कासव घरी पाळता येत नाही. हे कायदे का झाले, ते मला त्या दिवशी उमगले.

तो आता जेवत होता, माझा होऊ लागला होता. आणि नेमके आताच त्याला सोडायचे! मी एक रात्र विचार केला. सकाळी कोणी न सांगता मी त्याला उचलले आणि त्याच ओंडक्यापाशी नेऊन ठेवले. थोड्या वेळाने पेटी उघडली. लाल डोळ्यांनी त्याने इकडेतिकडे पाहिले आणि संथपणे नेच्याच्या झुडपात नाहीसा झाला. एकदाही मागे वळून पाहिले नाही. मला जरा वाईट वाटले.

संध्याकाळी आजीला सारे सांगितले. ती म्हणाली, “पाहुणा जेवत नसला, तर नुसतं ताट बदलू नये, बाळा. त्याचं मन कुठं आहे, तेही पाहावं.”

आमच्या गावच्या महादेवाच्या देवळात नंदीपुढे एक दगडी कासव आहे. आजही मी तिथे गेलो की क्षणभर थांबतो. मला मौनीबाबा आठवतो. तो तोंडाने एक अक्षरही बोलला नाही. पण त्याने मला जे शिकवले, ते मी विसरलेलो नाही.