मोजून ६० एमएल

'हे काय गं? खोकला झालाय का तुला?'

शनिवारची सकाळ. सांगलीहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने आलेली आई माझ्या गोरेगावच्या वन बीएचकेमध्ये ओट्यापाशी उभी. हातात कफ सिरपच्या बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण, १० एमएलची खूण असलेलं. मी अर्धवट झोपेत 'हो' म्हणून मोकळी झाले. तिने लगेच आल्याचा काढा उकळायला ठेवला. झालं! एका खोट्या 'हो'पायी सकाळी सकाळी कडू काढा.

कारण ते झाकण खोकल्यासाठी नव्हतंच. ते माझं पहिलंवहिलं जिगर होतं. जिगर म्हणजे हिंदी सिनेमातलं नव्हे हं. कॉकटेलसाठी दारू मोजायचं माप. आता माझ्याकडे स्टीलचं, दोन्ही बाजूंनी वापरता येणारं छान जिगर आहे, पण ते झाकण काही टाकवत नाही.

आई येणार म्हटलं की आमच्याकडे एक ठरलेला कार्यक्रम असतो. ओट्याखालच्या कपाटातल्या बाटल्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळायच्या, सुटकेसमध्ये भरायच्या आणि सुटकेस पलंगाखाली. एकतीस वर्षांची कमावती मुलगी, रीतसर परमिट काढलेली, आणि स्वतःच्या घरात अशी चोरासारखी वागते. हसाल तुम्ही. पण आमच्या सांगलीच्या घरात 'दारू' हा शब्दच उच्चारत नाहीत. माझा मामा २००९मध्ये लिव्हरच्या आजाराने गेला. आईचा धाकटा भाऊ. मी दहावीत होते. लोकांना सांगताना सगळे 'कावीळ झाली होती' एवढंच म्हणायचे.

मग मला हे कॉकटेलचं वेड कुठून लागलं? तर २०२०च्या लॉकडाऊनमधून. तुमच्यापैकी कुणी तेव्हा केक शिकलं, कुणी गिटार. मी रम आणि कोला शिकले! त्यात शिकण्यासारखं काय असतं? काहीच नाही. ग्लास घ्यायचा, अंदाजपंचे ओतायचं, वर कोला. आधी फक्त शुक्रवारी. मग बुधवारीही. मग 'आज मंगळवार आहे ना' एवढंच निमित्त पुरायला लागलं. ऑगस्टमधल्या एका सकाळी दहाच्या कॉलला मी कॅमेरा बंद ठेवला, कारण आरशात बघितलं तर डोळे मामासारखे दिसत होते. खरं सांगते, घाबरले. महिनाभर थेंबाला शिवले नाही.

त्यानंतर ठरवलं, प्यायचंच असेल तर एकच. एकटीने नाही. उभ्याने नाही. आणि मोजून. तेव्हा ते कफ सिरपचं झाकण कामाला आलं.

एकच प्यायचं म्हटल्यावर ते चांगलं तरी हवं ना! म्हणून मी डायकिरीपासून सुरुवात केली. क्युबातल्या सँटियागोजवळच्या डायकिरी गावावरून हे नाव पडलं. तिथल्या खाणीत काम करणाऱ्या जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकन इंजिनिअरच्या नावावर हे ड्रिंक साधारण १८९८पासून सांगितलं जातं. लागतात फक्त तीन गोष्टी : व्हाइट रम, लिंबू, साखर. म्हणजे लिंबूसरबतात रम! आणि गंमत बघा, आपलं कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडचं कागदी लिंबू म्हणजेच ते इंग्रजी पुस्तकांतलं 'लाइम'. मॉलमधलं महागडं पिवळं लेमन आणायची काहीच गरज नाही.

माझं माप लिहून घ्या. ६० एमएल व्हाइट रम, २५ एमएल लिंबाचा ताजा रस, २० एमएल साखरेचा पाक. शेकर नसेल तर जिमवाल्या मित्राचा प्रोटीन शेकर पळवा (आधी धुऊन घ्या, नाहीतर चॉकलेट डायकिरी होईल). भरपूर बर्फ टाका आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवा, हाताला चटका बसेल इतकं गार होईपर्यंत. मग चहाच्या बारीक गाळणीतून गाळा. गाळणी नवी घ्या मात्र!

शेक कधी करायचं आणि नुसतं ढवळायचं कधी, याचा फंडा सोपा आहे. लिंबाचा किंवा कुठल्याही फळाचा रस असला की शेक. ओल्ड फॅशन्ड, निग्रोनी अशा सगळं दारूचंच मिश्रण असलेल्या ड्रिंकला चमच्याने शांतपणे ढवळायचं. निग्रोनी तर पाठ करायलाही सोपी. जिन, कंपारी, स्वीट व्हर्मूथ, प्रत्येकी ३० एमएल.

बर्फ मात्र कंजूसपणे टाकू नका. ग्लासात चार खडे टाकले की ते पटकन वितळतात आणि ड्रिंक पांचट होतं. ग्लास भरून बर्फ असेल तर तो उशिरा वितळतो. आणि थोडं पाणी तर हवंच असतं. १८०६मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्राने कॉकटेलची व्याख्या छापली होती : कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. पाणी तेव्हापासून हक्काने त्यात बसलंय. पारदर्शक बर्फ हवा असेल तर घरातला जुना पोळ्यांचा कॅसरोल पाण्याने भरून, झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा. पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवेचे बुडबुडे तळाशी ढकलले जातात. दुसऱ्या दिवशी वरचा काचेसारखा भाग सुरीने तोडून घ्यायचा.

स्टायलिंगचं म्हणाल तर मी एवढंच करते. ग्लास वीस मिनिटं आधी फ्रीझरमध्ये. गार्निश एकच, आणि ज्याचा वास ड्रिंकला शोभेल असंच. ती छत्री आणि चेरी लग्नाच्या बुफेलाच बरी दिसते. बुटके, पसरट कूप ग्लास नसतील तर आइस्क्रीमचे काचेचे कप चालतात. फोटो काढायचा तर खिडकीजवळ, आणि उजेड परतवायला ग्लासच्या पलीकडे स्टीलचं ताट उभं करायचं. बास.

तर, त्या शनिवारी संध्याकाळी ऑफिसातले तिघं घरी येणार होते. डायकिरीसाठीच. आईचं तिकीट ऐनवेळी निघालेलं. बेत रद्द करावा की आईला सांगावं? दुपारपर्यंत मी मेसेज टाइप करत होते आणि पुसत होते.

शेवटी आईनेच फ्रिज उघडला. 'हा पाक कशाचा गं? साखरलाय बघ सगळा. चार थेंब लिंबू पिळायचं, मग नाही साखरत.'

हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं. आणि तिने इतक्या सहज सांगितलं की माझ्याच्याने पुढचं खोटं बोलवेना. 'आई, तो कॉकटेलचा पाक आहे. मी कॉकटेल करते. ते झाकणही त्याचंच.'

ती काही बोलली नाही. बाटली ओट्यावर ठेवली, हात पुसले, खुर्चीवर बसली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग एकच शब्द विचारला.

'रोज?'

'नाही. पण एक काळ होतं तसं. लॉकडाऊनमध्ये. मीच थांबवलं.'

मला वाटलं होतं ती रडेल, बाबांना फोन लावेल, मला सांगलीला न्यायचं म्हणेल. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, 'तुझा मामा कधी बसून प्यायला नाही गं. मोरीत उभा राहून, स्टीलच्या पेल्यातून, एका दमात. आम्हाला दिसू नये म्हणून. आणि आम्हीही बघितलं नाही.'

मामाने जिगर वापरलं असतं तर तो वाचला असता, असं म्हणण्याइतकी मी बावळट नाही. व्यसन हा आजार आहे, त्याला औषध लागतं, डॉक्टर लागतात. एकदा ते जडलं की मापाचं काही चालत नाही. पण 'रोज?' असं त्याला कुणीच विचारलं नव्हतं. मला विचारलं. आणि खरं उत्तर द्यायला मला सुटकेस, स्वेटर, पलंगाखालची जागा असं सगळं सोडून द्यावं लागलं.

संध्याकाळी मंडळी आली. चकणा म्हणून आईने आणलेलं सांगलीचं भडंग, वर कच्चा कांदा आणि कोथिंबीर. महागड्या बारमधले नाचोज झक मारतील! आईसाठी मी दुसरं ड्रिंक केलं : ४५ एमएल अमृत कोकम, १५ एमएल लिंबाचा रस, चिमूटभर जिरेपूड, बर्फात शेक करून गार कूप ग्लासमध्ये, वर थोडा सोडा. ग्लास आमच्यासारखाच, साल आमच्यासारखीच. ती साल तर तिनेच काढली. पांढरा भाग जराही न येता, कागदासारखी पातळ. माझा मित्र म्हणाला, 'काकू, तुम्हाला कुठल्याही बारमध्ये उद्या नोकरी मिळेल.' ती चक्क लाजली.

माझी डायकिरी करताना ती शेजारी येऊन उभी राहिली. जिगर माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांच्या रेषेत धरलं आणि रम खुणेपर्यंत बरोबर भरली. बाटलीचं झाकण घट्ट लावून म्हणाली, 'झालं ना? आता बस खाली.'

रविवारी रात्री तिला दादरला गाडीत बसवून आले. तेव्हापासून दर शुक्रवारी रात्री फोन येतो. 'किती?' 'एक.' 'मोजून?' 'मोजून.' कधीकधी उत्तर 'आज काहीच नाही' असंही असतं. तेव्हा ती पुढे काही बोलत नाही, पण फोनवरसुद्धा तिचं हसू कळतं.

ते कफ सिरपचं झाकण मात्र आता माझ्याकडे नाही. जाताना आईने पर्समध्ये टाकलं. म्हणाली, 'तुझ्या बाबांना खरंच खोकला झालाय.'