दारावरची पाटी

कोकणच्या पावसात भिंत पाणी पिते. चुन्यातून ती श्वास घेते, ऑइलपेंटखाली ओल कोंडते आणि पोपडे सुटतात. त्यामुळे पनवेलच्या आमच्या साध्यासुध्या घराचा दर्शनी भाग नटवायचं ठरलं, तेव्हा अम्मीने चुनाच मागितला. पावसाळा सरून भिंत सुकल्यावर तो दिला. ओट्याची फुटकी पायरी बांधली, दोन कुंड्यांत मोगरा लावला.

उरली नावाची पाटी. भाऊ म्हणाला, "फक्त मराठीत कर. उर्दू कशाला? दिवस कसे आहेत, बघतेस ना?"

त्याची काळजी खोटी नव्हती. अकोला जिल्ह्यात पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू आहे, तर तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२५मध्ये न्यायालयाने आक्षेप फेटाळला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं सांगितलं.

मी शाळेत दोन्ही भाषा शिकवते. एक लिपी डावीकडून निघते, दुसरी उजवीकडून. फळ्यावर दोघींना जागा पुरते. मग दारावर का पुरू नये?

पाटी दोन्ही लिप्यांत केली. पोस्टमन मराठी वाचतो. अम्मीला फक्त उर्दू येतं; आपल्या घरावरचं नाव तिलाही वाचता यायला हवं.