घाटाची सरासरी

मराठी माणसाला घाट म्हटले की आधी रस्ता आठवतो. खंबाटकी, बोरघाट, आंबेनळी. वळणे, धुके आणि पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणारी एस.टी. नदीचा घाट त्यानंतर आठवतो. काशीत नेमके याच्या उलट आहे. येथे घाट म्हणजे पायऱ्या. ‘आमच्या गावी घाट चढून पठारावर जाता येते’ असे मी एकदा कार्यालयात सांगितले, तेव्हा समोरच्यांनी सौजन्याने मान हलवली. पण पायऱ्या चढून पठारावर कसे पोहोचतात हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर तसाच राहिला.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीची बहुतेक वर्षे महाराष्ट्राबाहेर गेली, आणि धावण्याची सवय चाळिशीनंतर, रक्तदाबाच्या निमित्ताने लागली. सपाटीवरच्या तीन अर्धमॅरेथॉन झाल्या होत्या. अर्धमॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर ९७.५ मीटर. माझी उत्तम वेळ २ तास १० मिनिटांची, म्हणजे किलोमीटरला सुमारे ६ मिनिटे १० सेकंद. सरकारी माणसाला असा एक आकडा मिळाला की तो सुखी होतो. मीही होतो. नंतर साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्ये नाव नोंदवले. २०१२पासून भरणारी ही शर्यत शहरातून निघते, यवतेश्वरचा घाट चढत कासच्या दिशेने जाते आणि त्याच रस्त्याने परत येते. ढोबळमानाने अर्धी शर्यत चढाची, अर्धी उताराची. आईला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, “त्या घाटातून बामणोलीची एस.टी. जाते की रे. पळायला कशाला पाहिजे?”

अडचण सरावाची होती. काशीच्या आसपास गंगेचे मैदान. हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील अर्धवर्तुळाकार रस्ते धावायला फार सुंदर, पण त्यांत चढ शोधून सापडत नाही. या शहरात उंची आहे ती एकाच ठिकाणी, नदीपासून गल्लीपर्यंतच्या पायऱ्यांत. तेव्हा महाकुंभाची गर्दी ओसरल्यावर, मार्च २०२५मध्ये, पहाटे साडेचारला अस्सीपासून सुरुवात करून मणिकर्णिकेपर्यंत जायचे आणि वाटेत जो घाट मोकळा दिसेल त्याच्या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या, असा क्रम ठरवला. अंतर सुमारे चार किलोमीटर. हा रस्ता मराठी माणसाला परका वाटत नाही. वाटेत मुन्शी घाट, मग अहिल्याबाईंचा घाट. मणिकर्णिकेच्या बांधकामातही अहिल्याबाईंचा हात आहे, आणि तिच्याच शेजारी बायजाबाई शिंदे यांनी बांधलेला शिंदे घाट. झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका होते हे आपण शाळेत शिकलेलो असतो. ते नाव कुठून आले हे येथे उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

मणिकर्णिकेवर मात्र मी धावत नसे. तेथे चिता रात्रंदिवस जळतात. पाठीवर पाण्याची पिशवी आणि पायांत नारिंगी बूट घालून कोणाच्या दुःखासमोरून पळत जाणे शोभत नाही, एवढे कळण्यासाठी नियमावली लागत नाही. ललिता घाट मागे पडला की मी घड्याळ थांबवून चालू लागे, चहाच्या टपरीवर बसे, आणि परत फिरे.

त्या दहा मिनिटांत मी धावण्याविषयी जे शिकलो ते पुस्तकांतून शिकलो नव्हतो. येथे लाकूड नावांतून येते. ओंडके खांद्यावर घेऊन माणसे ओल्या पायऱ्या चढतात, वर मोठ्या तराजूवर लाकूड तोलले जाते. एक पन्नाशीचा हमाल माझ्याकडे रोज कुतूहलाने पाहत असे. मी नोकरीला काय करतो हे त्याने विचारले नाही. विनाकारण पायऱ्या का चढतो एवढेच विचारले. मी कारण सांगितले. तो म्हणाला, “आप पंजे पर चढ़ते हैं साहब, इसीलिए पिंडली भरती है. पूरा पैर रखिए.” मग त्याने उतरणाऱ्या तिरडीकडे बोट दाखवले. खांदेकरी गल्लीतून पायऱ्यांवर उतरत होते. पावले आखूड, गुडघे किंचित वाकलेले, तिरडी न हिंदकळता. उतार मोठ्या ढांगा टाकून उतरता येत नाही. चढताना दम लागतो, पण मांडीचे स्नायू मोडतात ते उतरताना. कारण तेव्हा ते ताणले जात असतानाच भार पेलतात. डॉक्टर हेच सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना शरीरही.

जुलैतल्या एका पहाटे मी असाच टपरीवर बसलो होतो. एक मुलगा येऊन माझ्या पाया पडला. मी ओळखले नाही. मग ओळखले. आमच्या कार्यालयातील एक वरिष्ठ लिपिक डिसेंबर २०२४मध्ये हृदयविकाराने गेले; त्यांचे दहन याच घाटावर झाले होते आणि अग्नी या मुलाने दिला होता. तो तेव्हा बारावीत होता. त्या दिवशी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो होतो, “कागदपत्रांची काळजी करू नकोस. ते आमचे काम.”

आता तो कोणा शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेबरोबर आला होता. तक्रारीचा एक शब्द त्याने काढला नाही. माझ्या बुटांकडे एकदा पाहिले आणि विचारले, “सर, उस काग़ज़ में कुछ और लगेगा क्या?”

मला कोणता कागद ते ठाऊक नव्हते. माझी समजूत होती की सारे काही केव्हाच मिळाले असेल.

सोमवारी फाईल मागवली. तात्पुरते कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू झाले होते, ते वेळेवर. उपदानाची रक्कम मात्र अडकली होती. सेवापुस्तकात पत्नीचे नाव माहेरचे, आधारपत्रावर आणि बँकेत सासरचे. एका प्रतिज्ञापत्राने सुटणारी गोष्ट. ती सात महिने सुटली नव्हती, आणि त्यात कोणीही आळस केलेला नव्हता. हे मला विशेष वाटले. फाईल नऊ वेळा इकडून तिकडे गेली होती. प्रत्येक टेबलाने ती चार-पाच दिवसांत ‘निकाली’ काढली होती. म्हणजे एखादा शेरा मारून मागच्या टेबलाकडे परत पाठवली होती. आमच्या मासिक तक्त्यात ती नऊ वेळा निकाली प्रकरणांत मोजली गेली होती. तो तक्ता दर महिन्याला मी सही करून वर पाठवत असे. प्रकरण निकाली काढण्याची आमची सरासरी उत्तम होती, आणि एका बैठकीत तिचे कौतुकही झाले होते. ते कौतुक मी घरी सांगितलेले आठवते.

दोष तक्ता भरणाऱ्यांचा नव्हता. मी सरासरी विचारत होतो, ते सरासरी देत होते. सोपी प्रकरणे सपाटीसारखी असतात. ती भराभर पळतात आणि आकडा सुधारतात. चढाचे प्रकरण त्यांच्यात मिसळून दिसेनासे होते. त्या आठवड्यात मी विधी शाखेच्या सहकाऱ्याला आणि लेखा शाखेच्या सहकाऱ्याला एका खोलीत बसवले, त्या बाईंना फोन करून प्रतिज्ञापत्राचा मसुदाच पाठवला. पुढचे काम अकरा दिवसांत झाले. अकरा दिवस! हा आकडा मला आजही अभिमानाने सांगवत नाही. तक्त्यात मात्र बदल केला : सरासरीचा रकाना राहिला, पण त्याच्या वर सर्वांत जुनी दहा प्रकरणे, मूळ अर्जाच्या तारखेसह आणि ज्याच्याकडे ती आहेत त्याच्या नावासह. पहिल्या महिन्यात त्या दहांपैकी तीन माझ्याच टेबलावर निघाली.

ऑगस्टमध्ये गंगा चढली. काशीत धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, त्या पावसाळ्यात नदी ती ओलांडून गेली. घाटांना जोडणारा रस्ता आधी गेला, मग पायऱ्या एकेक करून गेल्या. मणिकर्णिकेवर दहन वरच्या छतावर हलले. ज्या चढावर मी पाच महिने सराव केला तो नदीने गिळला होता, आणि शर्यत तोंडावर आली होती. तक्रार करण्याचा अधिकार मला नव्हता. खालच्या वस्त्यांतली माणसे तेव्हा मदत छावण्यांत होती. मी सरकारी वसाहतीच्या चार मजली इमारतीचा जिना धरला. शेजारच्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी पत्नीला हळूच विचारले, साहेबांची तब्येत बरी आहे ना.

साताऱ्यात शर्यतीच्या पहाटे पाऊस भुरभुरत होता. गावातून निघेपर्यंत सगळे हसतखेळत धावतात. चढ लागला की बोलणे थांबते आणि फक्त बुटांचा आवाज उरतो. मी पहिले तीन किलोमीटर घड्याळ बघत, ६ मिनिटे १० सेकंदांचा जुना हट्ट धरून काढले आणि पहिल्याच मोठ्या वळणावर त्याची किंमत मोजली. छाती भरून आली. बाजूने एक सत्तरीच्या आसपासच्या बाई, नऊवारीत, शांतपणे चालत पुढे गेल्या. मग घड्याळ बाहीखाली सरकवले, पूर्ण पाऊल टेकवले, आणि श्वास सांगेल तसे चढलो. कधी धावत, कधी चालत. डावीकडे ढगांतून अजिंक्यतारा मधूनच दिसे. वर पोहोचलो तेव्हा मला पुष्कळ लोक मागे टाकून गेले होते. उतरताना त्यांतले कितीतरी कठड्याला धरून पोटऱ्या चोळत उभे होते. मी आखूड पावलांनी, गुडघे वाकवून, खांद्यावर काहीतरी जपून न्यायचे असल्यासारखा उतरलो.

वेळ लागला २ तास ४७ मिनिटे. घरी आल्यावर यंत्राने हिशेब दाखवला : सरासरी, किलोमीटरला ७ मिनिटे ५५ सेकंद. घाट चढताना मी नवाच्या वर होतो, उतरताना सातच्या खाली. यंत्राने सांगितलेल्या वेगाने त्या दिवशी मी एकही किलोमीटर धावलो नव्हतो. आईने आंघोळीला पाणी काढले आणि विचारले, “कितवा आलास?” मी आकडा सांगितला. ती म्हणाली, “बरं झालं, पडला नाहीस.”

काशीला परतलो तेव्हा पाणी उतरले होते. घाटांवर गुडघाभर गाळ साचला होता आणि पंप लावून माणसे तो नदीत लोटत होती. मणिकर्णिकेच्या खालच्या पायऱ्या अजून दिसत नव्हत्या. लाकडाच्या नावा पुन्हा लागू लागल्या होत्या. माझा हमाल मित्र खांद्यावरचा ओंडका टाकून आला, चहा घेतला, आणि म्हणाला, “तो कितनी सीढ़ी थी वहाँ?”

पायऱ्या नव्हत्या, रस्ता होता, असे मी सांगू लागलो. तो ऐकत राहिला. मग आम्ही दोघांनी मिळून, त्याच्या एका पायरीची उंची वीतभर धरून, यवतेश्वरच्या घाटाच्या पायऱ्या मोजायला घेतल्या.